लोकांना चालणार नाही

रविवार, १२ जानेवारी २०२५. वॉटफर्ड
राग कोणावर: जयंत

सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यातल्या, नर्सने दोनदा प्रेशर घेतलं, तिसऱ्यांदा दुसरं मशीन आणलं आणि विचारलं, "आर यू अँग्री अबाउट समथिंग, माय लव्ह?" तीस वर्षं मी या देशात बॉयलर दुरुस्त करतोय, पण इतकं झटपट निदान मला कधी जमलं नाही. घरी आल्यावर तनिषाने ही वही हातात दिली. "बाबा, तू ओरडते तेव्हा आईला त्रास होतो. ओरडू नको, लिही. टॉपला एक लाइन, राग कोणावर. मग बाकीचा स्टोरी." पोरगी वॉटफर्डातच जन्मली. तिच्या मराठीत बापाची आई व्हायला वेळ लागत नाही, पण बोलते ते मुद्द्याचं.

तर स्टोरी. आमच्या कोल्न व्हॅली मराठी मंडळाचे अध्यक्ष विष्णूकाका मुलाकडे ग्लासगोला राहायला चालले. मार्चमध्ये नवा अध्यक्ष निवडायचा. आज कमिटीच्या मीटिंगमध्ये जयंत उठला आणि म्हणाला, मी उभा राहतोय, आणि निवडून आलो तर पहिलं काम म्हणजे हॉल विकणार. "हॉल इज अ लायबिलिटी. छप्पर गळतंय. बिल्डर विचारतोय. विकू आणि दिवाळीला चांगला बँक्वेट हॉल भाड्याने घेऊ." जयंत अकाउंटंट आहे, पिनरला राहतो, आणि छप्पर त्याच्या डोक्यावरच गळत असल्यासारखा चेहरा करतो. आजवर हॉलमध्ये त्याने एक खुर्ची उचललेली मी पाहिली नाही.

जुना चर्च हॉल होता तो. मंडळाने घेतला तेव्हा आत नाकातला श्वास गोठायचा. हीटिंग मी घातलं. प्रत्येक पाइप माझ्या हातचा. तेव्हा माझी एकच व्हॅन होती आणि लोकांच्या घरी मी ओव्हरऑल घालून बाजूच्या दाराने जायचो, मराठी घरांतसुद्धा. उद्घाटनाच्या दिवशी मी सवयीने किचनच्या दाराशी उभा होतो. मंडळातल्या अरुणाताईंनी हाताला धरून पुढच्या दाराने आत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आता माझ्या आठ व्हॅन आहेत. पण ती खुर्ची मी विसरलेलो नाही.

हॉल विकणार म्हणे. माझा हॉल!


शनिवार, १८ जानेवारी
राग कोणावर: अरुणाताई

जयंतच्या विरोधात कुणाला उभं करायचं ते ठरवायला आपली सगळी मंडळी आज आमच्याकडे बोलावली. बायकोने, म्हणजे नीनाने, मिसळ केली होती. मी तोंड उघडायच्या आत अरुणाताई म्हणाल्या, "मी उभी राहते."

अरुणाताई म्हणजे निवृत्त फार्मासिस्ट. हॉलमधली शनिवारची मराठी शाळा गेली वीस वर्षं एकहाती चालवतात. बाई शंभर नंबरी. पण बोलायला लागल्या की समोरच्याचं औषध मोजून देतात, साखर घालत नाहीत.

"हॉल विकायचा नाही," त्या म्हणाल्या. "भिंतीवर कुणाच्या एजन्सीच्या जाहिरातीचा बॅनर नाही. स्टेजवर पुढारी नाही, तिकडचाही नाही आणि इकडचाही नाही. आणि जातीपातीचे वेगळे हळदीकुंकू ग्रुप करायचे असतील त्यांनी ते आपापल्या घरी करावेत."

"ताई," मी म्हटलं, "यातलं पहिलं तेवढं बोलूया. बाकीचं निवडून आल्यावर बघू."

"म्हणजे लपवून निवडून यायचं?"

"लपवून नाही हो. जरा बेताने."

"उल्हास, तू गिऱ्हाइकाला बॉयलर विकताना कार्बन मोनॉक्साइडचं नंतर सांगतोस का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून पेटलो. गेल्या गणपतीत आपला कौन्सिलर फोटोसाठी आला होता, त्याला हिने बूट काढून आरतीच्या रांगेत मागे उभं केलं. बिचारा गार फरशीवर मोज्यांत उभा. अशी बाई निवडणूक कशी जिंकणार?

त्या गेल्यावर मी सगळ्यांना सरळ विचारलं. समर म्हणाला, "मला ताई चालतील हो. पण बाकीच्यांना जड जातील." रेखा म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही. नवीन लोकांना नाही झेपायच्या." समरची बायको म्हणाली, "आमच्या घरात ताईंना सगळे मानतात. पण मंडळ म्हणजे काय आमचं घर नाही."

मी ऐकणारा माणूस आहे. दारातून आत येताच पंपाचं बेअरिंग गेलंय की एअर धरलीय ते कानाने सांगतो. खोलीतला आवाज मला स्पष्ट ऐकू आला: ताई चालणार नाहीत.


बुधवार, २९ जानेवारी
राग कोणावर: थंडी

थंडीने सगळ्या वॉटफर्डचे कंडेन्सेट पाइप, म्हणजे बॉयलरचं पाणी बाहेर सोडणारे, गोठले आणि घरोघर बॉयलर बंद पडले. सकाळी सातपासून फोन. त्यातलं एक घर ईशिताचं. नागपूरची पोरगी, नवरा-बायको दोघं सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसावर आलेली. मंडळात अशी नवी घरं आता चौथा हिस्सा तरी असतील, आणि मार्चला पारडं तीच फिरवणार. बाहेरच्या पाइपवर कोमट पाणी ओतता ओतता म्हटलं, बघू तरी.

"ईशिता, अध्यक्ष म्हणून अरुणाताई तुमच्या लोकांना चालतील का गं?"

"अरुणाताई? काका, आमचा वेद त्यांच्यामुळे आजीशी फोनवर मराठीत बोलतो. माझी सासू रडली होती त्या दिवशी." मग दार जरा ओढून घेतलं. "पण आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना, त्यांना त्या थोड्या स्ट्रिक्ट वाटतील. आणि जुन्या लोकांना तरी कुठे चालतात? असं ऐकलं."

"कुणाकडून ऐकलंस?"

"असंच. सगळे म्हणतात."

बघा. नव्यांनाही नको, जुन्यांनाही नको. आणि हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बॉयलर भसकन पेटला. पैसे घेतले नाहीत. ईशिताने डब्यात सांबारवडी दिली.


रविवार, २ फेब्रुवारी
राग कोणावर: नीना (थोडा)

दिवसभर फोन केले. हॅरो, पिनर, बुशी, आणि ग्लासगोला विष्णूकाकांनासुद्धा. सगळीकडे तेच. बाई उत्तम, पण लोकांना चालणार नाहीत. विष्णूकाका म्हणाले, "माझं विचारशील तर अरुणाच. पण मी आता इकडे आलो, माझ्या म्हणण्याला काय अर्थ?" मी म्हटलं, बरोबर आहे काका.

नीना शेजारी लसूण सोलत होती. शेवटी म्हणाली, "अहो, तुम्ही विचारता काय ते तरी ऐका. ताई हव्यात का, असं तुम्ही विचारतच नाही. लोकांना चालतील का, असं विचारता."

"दोन्ही एकच."

"एकच कसं? मला विचारलंत का अजून?"

"तुला काय विचारायचं? तू घरची."

तिने लसणाची वाटी जरा जोरातच ठेवली. मी तिला समजावून सांगितलं की निवडणूक म्हणजे माझी आवड नाही, तुझी आवड नाही, ती सगळ्यांची असते. पोरगी जिन्यावरून ओरडली, "मग सगळे कोण आहे, बाबा?"

आता यांना कोण सांगणार?


शनिवार, ८ फेब्रुवारी
राग कोणावर: कुणावर नाही. सवय म्हणून लिहितोय.

माणूस सापडला! परीक्षित. पुण्याचा, चाळिशीच्या आतला, सिटीत बँकेत. उंच, गोरागोमटा, दिवाळीचं सूत्रसंचालन करतो. म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार, पोरांना हाय-फाइव्ह. कॉफी घ्यायला बोलावलं तर माझ्या आधी पोचून माझ्यासाठी चहा सांगून ठेवलेला, कमी साखरेचा. म्हणजे माझ्या पथ्याचंसुद्धा त्याला ठाऊक.

"हॉलबद्दल तुझं मत काय रे?"

"काका, माझं ओपन माइंड आहे."

"ओपन नको. बंद कर. हॉल विकायचा नाही."

तो हसला. दात सुंदर आहेत. "काका, तुम्ही एवढं केलंय मंडळासाठी. तुम्ही सांगाल तसं."

आणखी काय हवं? व्हॅनमधूनच चार फोन केले. परीक्षित म्हटल्यावर सगळ्यांचा आवाज खुलला. "अरे वा, तो चालेल की लोकांना!" समर तर म्हणाला, "मला स्वतःला तो जरा गुळगुळीत वाटतो, पण येईल निवडून." येईल निवडून! इतकंच तर पाहिजे. स्वतःला काय वाटतं ते घरी ठेवावं.


शनिवार, १५ फेब्रुवारी
राग कोणावर: स्वतःच्या नशिबावर, की असली कामं माझ्याच वाट्याला येतात

शाळा सुटायच्या वेळी हॉलवर गेलो. अरुणाताई खुर्च्या रचत होत्या. मीही रचायला लागलो. दोन रांगा झाल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "एवढ्या खुर्च्या तू उगीच उचलत नाहीस."

सगळं सांगितलं. आपल्याला हॉल वाचवायचा आहे. तुम्ही उभ्या राहिलात तर मतं फुटतील आणि जयंत येईल. परीक्षितने शब्द दिलाय.

"परीक्षितला काय पाहिजे?"

"काही नको त्याला. तेच तर चांगलं आहे."

त्यांनी शेवटची खुर्ची ठेवली. "उल्हास, मी उभी राहिले तर तू मला मत देणार होतास?"

"ताई, प्रश्न माझा नाहीये."

"मी तुलाच विचारतेय. दुसरं कोण आहे इथे?"

"मी दिलं असतं हो. पण माझ्या एकट्याच्या मताने काय होतंय?"

त्या फळ्याकडे वळल्या. फळ्यावर पोरांनी काढलेला 'ज्ञ' होता, पोट फुटलेला. तो पुसला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. माघार घेते. शाळेला हात लावू देऊ नकोस, म्हणजे झालं."

"तुमची शपथ."

"माझी नको. स्वतःची घे."

बाईंचं बोलणं हे असं. आणि म्हणे लोकांना चालेल! बाहेर येऊन व्हॅनमध्ये टेकलो, दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. खुर्च्या जड आहेत. वय झालं.


रविवार, ९ मार्च
राग कोणावर: आज सुट्टी!

जिंकलो. मतदान व्हायच्या आधीच जिंकलो! काल रात्री जयंतने माघार घेतली आणि परीक्षित बिनविरोध. एकही चिठ्ठी पडली नाही. जयंतला कळलं की समोर कोण आहे. चांगला उमेदवार असला की लढायची वेळच येत नाही, हे मी जानेवारीपासून सांगत होतो.

जयंतने स्वतः हार घातला. दिलदारपणा म्हणावा लागेल. मी किचनमध्ये वॉटर हीटर बघत होतो तेव्हा त्या दोघांचं बोलणं कानावर आलं. जयंत म्हणत होता, "मग मंगळवारी बसू." परीक्षित म्हणाला, "येस, पेपर्स घेऊन या." आधीच्या कमिटीचे हिशेब असणार. पोरगा कामाला लागलासुद्धा.

अरुणाताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या वाजवल्या, मोजून. तनिषाने विचारलं, "बाबा, पण व्होटिंग झाला नाही तर आपण जिंकला कसा?" मी म्हटलं, तुला राजकारण कळायला वेळ लागेल.


रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा
राग कोणावर: परीक्षित. परीक्षित. परीक्षित.

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि अध्यक्षांचं भाषण. मागे मोठ्या स्क्रीनवर चित्रं. हॉलच्या जागी पाच मजली फ्लॅट, खाली झाडं, झाडाखाली एक गोरी बाई कुत्रा फिरवतेय. "मित्रहो, ही फक्त एक कॉन्व्हर्सेशन आहे. सर्व्हेअरचा रिपोर्ट येईल. मग मे महिन्यात विशेष सभा आणि सभासदांचा निर्णय. मला काहीही लादायचं नाहीये."

जयंत पहिल्या रांगेत. मंगळवारचे पेपर्स!

श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून मी त्याला बाजूला घेतला. "तू शब्द दिला होतास."

"काका, मी म्हटलं होतं, तुम्ही सांगाल तसं. मी ऐकतोच आहे तुमचं. जयंतकाकांचंही ऐकतोय. मी सगळ्यांचा अध्यक्ष आहे ना?"

"अरे, तुला आम्ही हॉल वाचवायला आणला!"

"तुम्ही मला जिंकायला आणलंत, काका." आणि हसला. तेच दात.

त्याला त्या श्रीखंडात बुडवावं असं वाटलं. नीनाने दंड धरला म्हणून. घरी येऊन प्रेशर घेतलं, आकडा इथे लिहीत नाही. नीना वाचते.


गुरुवार, १० एप्रिल
राग कोणावर: सगळ्यांवर. एकूणएक.

हॉल विकायला दोन तृतीयांश हात लागतात. म्हणजे अडवायचा तर आपल्याला एक तृतीयांशाच्या वर हात हवेत. फोन करायला बसलो. आणि काय ऐकायला मिळावं?

रेखा: "आम्हाला तर अरुणाताईच हव्या होत्या. तुम्हीच म्हणालात, लोकांना चालणार नाहीत."

समर: "मी पहिल्या दिवशी तुझ्याच घरी, मिसळ खाताना म्हटलं, मला ताई चालतील. आठव."

विष्णूकाका, ग्लासगोहून: "मी नाव घेऊन सांगितलं होतं रे बाबा."

खोटारडे! सगळे आता शहाणे झाले. हवी होती तर तेव्हा टेबलावर मूठ आपटून का नाही सांगितलं? 'मला चालेल पण' याचा अर्थ 'नको' होतो, हे मराठी माणसाला मी काय शिकवायचं? अख्खं आयुष्य लोकांचं ऐकत आलो. गिऱ्हाईक म्हणतं, "थोडं गार लागतंय," मी ओळखतो की पंप गेलाय. आणि हे लोक मला म्हणतात, तू ऐकलं नाहीस!

नीना म्हणाली, "अहो, वहीत मागे जाऊन वाचा ना. तुम्हीच लिहून ठेवलं असेल." मी म्हटलं, मी राग लिहायला वही ठेवलीय, वाचायला नाही.


रविवार, ११ मे
राग कोणावर: परिस्थितीवर

सभेला आठवडा उरला. आठ दिवस घरोघर विचारत हिंडलो: विक्रीच्या विरोधात लोक उभे राहतील का? उत्तर ठरलेलं. "आम्ही राहू हो, पण नवे नाही राहणार." नवे म्हणतात, "आमचं ठीक आहे, पण जुने थकलेत, त्यांना विकायचाच आहे." ईशिताला दुकानात गाठलं. ती म्हणाली, "काका, मला विकायला नकोच आहे. पण आमच्या ग्रुपवर कुणीच काही बोलत नाहीये." कुणी बोलत नाही म्हणजे काय ते उघड आहे.

हरणार. मी भाबडा नाही. हरणाऱ्या बाजूला नुसतं उभं राहून शाळेला काय मिळणार?

म्हणून परीक्षितला भेटलो. गिळला राग, भेटलो. तो म्हणाला, "काका, तुमच्या ग्रुपने साथ दिली तर नव्या बिल्डिंगमध्ये शाळेला एक खोली मागू. ग्राउंड फ्लोअर." मी म्हटलं, लिहून दे. तो म्हणाला, "हे सगळं स्पिरिटमध्ये असतं, काका, कागदावर नाही. फार लिहिलं तर बिल्डर घाबरतो." तरी त्याने सभेत तोंडी जाहीर करायचं कबूल केलं.

रात्री आपल्या सात घरांना फोन केले. असंही हरणारच आहोत, निदान एक खोली पदरात पाडून घेऊ, हात वर करा. समरने दोनदा 'नक्की?' विचारलं. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर तसं."

अरुणाताईंना फोन केला नाही. त्या नाहीच ऐकायच्या.

नीनाला सांगितलं. ती म्हणाली, "मला कुणी फोन केला नाही. मी माझं बघेन."


रविवार, १८ मे
राग कोणावर: ईशिता आणि तिचा ग्रुप

डोकं अजून गरम आहे. लिहितो.

हॉल खच्चून भरला होता. परीक्षितचं भाषण, जयंतचे आकडे, खोलीचं जेमतेम एक वाक्य. मग अरुणाताई उठल्या. मायक्रोफोन घेतला नाही.

"मला विकायचा नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना काय वाटतं ते मला माहीत नाही. मला इथे शिकवायचं आहे." आणि खाली बसल्या. एवढंच! मी कपाळाला हात लावला. भाषण असं करतात?

तर मागून ईशिता उठली. समोरची खुर्ची दोन्ही हातांनी धरलेली. "मलाही विकायचा नाही. मला वाटलं होतं मी एकटीच आहे." मग तिच्या शेजारचा कोणीतरी. मग एक बाई, ओळखीची नव्हे, कडेवर पोर. "मलाही." मग मागच्या भिंतीशी उभे असलेले, व्हिसावरचे, ज्यांना हॉल नको असं सगळे म्हणत होते ते सगळे. टाळ्या अशा पडल्या की मला ऐकूच येईना कोण काय बोलतंय.

परीक्षित घाईने म्हणाला, "आपण मतदान घेऊ या. विक्रीच्या बाजूचे हात?"

मी हात वर केला. शब्द दिला होता. समरकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याने वर केला. रेखाने केला. माझ्या सातही घरांनी शब्द पाळला, याचा मला अभिमान आहे.

विक्रीच्या विरोधात हात म्हटल्यावर शेजारून नीनाचा हात वर गेला. पलीकडून तनिषाचा.

मोजलं. जयंतने पुन्हा मोजायला लावलं. ठराव पास झाला, दोन तृतीयांशाला लागतात त्याहून चार हात जास्त.

चार!

या लोकांना आधी तोंड नव्हतं का? आठवडाभर मी दारोदार विचारत होतो! एकाने, एकाने जरी मला सांगितलं असतं की आम्ही उठून उभे राहू, तर मी कशाला त्या दातांच्या दारात गेलो असतो? ऐनवेळी जागे होतात आणि आपल्याला तोंडघशी पाडतात. ही का पद्धत झाली?

गाडी काढली. तनिषाने एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तर जास्तच चढला पारा.


शनिवार, १९ जुलै
राग कोणावर:

आज शाळेचा हॉलमधला शेवटचा दिवस. बिल्डरचे अंतिम नकाशे परवा आले. ग्राउंड फ्लोअरला सायकली ठेवायची जागा आहे. परीक्षितला फोन लावला. म्हणाला, "काका, मी मांडलं होतं, पण प्लॅनिंगवाल्यांना चाललं नसतं."

हीटिंग बंद करून पाणी काढायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. बॉयलर अजून ठणठणीत आहे. बंद करायच्या आधी एकदा पेटवून ऐकला. पंपाचा आवाज एकसारखा, कुठे खरखर नाही. मग व्हॉल्व्ह फिरवला. रेडिएटर एकेक करून रिकामे झाले. पाणी काळं येतं शेवटी, नेहमीच येतं.

पोरं गेली होती. अरुणाताई अक्षरांचे तक्ते गुंडाळत होत्या. सप्टेंबरपासून शाळा ईशिताच्या फ्रंट रूममध्ये भरणार. त्यांनी दोन कप चहा केला आणि मला खुर्ची दिली. पहिल्या रांगेतली.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही मला काही बोलत का नाही? समर बोलला, नीना बोलली, पोरगी तर रोज बोलते."

"काय बोलू? तू हात वर करत होतास तेव्हा मी तुझं तोंड बघत होते. वर्गात एखादं पोर शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं ना, तसं झालं होतं."

"मी कुणाच्या वहीत बघितलं?"

"समरच्या. आणि समर तुझ्या." त्यांनी तक्त्याला रबर लावलं. "वीस वर्षं शिकवतेय. पोरं असं करतात तेव्हा गंमत होते. दोघांचंही उत्तर चुकलेलं असतं, आणि दोघांनाही आधी बरोबर येत असतं."

मी म्हटलं, चहात साखर जास्त झालीय. त्या म्हणाल्या, साखर घातलीच नाहीये.

पुढच्या दाराने बाहेर पडलो. किल्ली मीच फिरवली.

घरी आल्यापासून वही उघडी ठेवून बसलोय. वरच्या ओळीत आधी जयंत लिहिणार होतो, पण तो जे बोलला तेच त्याने केलं. परीक्षितने सगळ्यांचं ऐकलं, आणि त्याच्यात हाच गुण बघून मीच त्याला आणला होता. समरने शब्द पाळला. ईशिताने तर पाइप गोठला होता त्याच दिवशी सांगितलं होतं. आज पहिल्यांदाच मागची पानं चाळली, तिथे आहे ते, माझ्याच अक्षरात.

नीना चहा घेऊन आली. वही बघितली. "आज नाव नाही घातलंत?"

म्हटलं, राहू दे. आठवलं की भरीन.

"बाहेरच्यांपैकी कोणी नसेल तर घरात विचारा," ती म्हणाली, आणि दिवा लावून गेली.